वीस गाण्यांची पंचाईत

माणसानं आयुष्यात दोन कामं कधी अंगावर घेऊ नयेत. एक, दुसऱ्याच्या मुलीसाठी स्थळ पाहणं आणि दुसरं, दुसऱ्यासाठी गाणी निवडणं. पहिल्यात निदान पोहे तरी मिळतात. दुसऱ्यात 'हेच का घेतलं आणि तेच का नाही घेतलं' या प्रश्नाला जन्मभर उत्तर देत बसावं लागतं. मला हे शहाणपण चाळिशी उलटल्यावर, आंबीच्या मारुतीच्या पारावर, सहा म्हाताऱ्यांच्या समक्ष प्राप्त झालं.

आंबी हे माझं आजोळ. आंबी म्हटलं की शहरातली माणसं लगेच 'हो हो, धबधबा छान आहे' म्हणतात. ती आंबोली. आमची आंबी मावळातली, तळेगाव दाभाड्याजवळ, इंद्रायणीच्या शेजाराची, नवलाख उंबऱ्याच्या वाटेवरची. एमआयडीसी आल्यापासून तिथं भाताच्या खाचरांपेक्षा कंपन्यांच्या कुंपणाच्या भिंती जास्त दिसतात; पण मारुतीचा पार आहे तिथंच आहे आणि पारावरची माणसंही.

माझे मामा त्यांतलेच एक. वय चौऱ्याऐंशी. मावळातल्या पुष्कळ माणसांप्रमाणे उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्यात घालवली. डबा चुकला नाही, गाडी चुकली नाही, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'परळ-लालबागला शाहिराचा येक कारेक्रम चुकला न्हाय.' गावी परत येताना त्यांनी मुंबईहून तीन वस्तू आणल्या : दम्याची सुरुवात, पितळी कडीचा एक डबा आणि एक टेपरेकॉर्डर. या टेपरेकॉर्डरमध्ये गेली पस्तीस वर्षं एकच कॅसेट राहत होती. राहत होती असंच म्हणायला हवं, कारण ती कधी बाहेर निघतच नसे. कव्हर केव्हाच गेलेलं. कॅसेटवर आमच्या मामींच्या हातचं निळ्या शाईत तीन अक्षरांचं शीर्षक : 'साबळे'.

तर गेल्या दिवाळीत त्या यंत्रानं ही कॅसेट खाल्ली. आत फीत गेली आणि बाहेर शेवया आल्या. मामांनी पेन्सिल घालून त्या शेवया पुन्हा गुंडाळल्या. पण यंत्रानं पुन्हा घास घ्यायला नकार दिला. मामा दोन दिवस जेवले नाहीत, असं मामेबहिणीनं फोनवर सांगितलं. (नंतर कळलं, त्यांचं पोट बिघडलं होतं. पण तोवर मी शब्द देऊन बसलो होतो.)

"मामा, त्यात काय एवढं?" मी म्हटलं, "साबळ्यांची सगळ्यांत चांगली वीस गाणी मी एका डबीत भरून देतो. बटण दाबायचं की लागली."

"समदीच चांगली हायेत की. त्यातली चांगली कोन ठरवनार?" मामांनी विचारलं.

"मी," असं मी म्हणालो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. ज्या विषयातलं कळत नाही त्याचाही तक्ता आखता येतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

कामाला लागल्यावर कळलं, की हा निवडीचा उद्योग गाण्याइतकाच जुना आहे. म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्याइतका. १९०२ सालच्या नोव्हेंबरात गैसबर्ग नावाच्या साहेबानं कलकत्त्याला गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतलं, तेव्हाच पहिली निवड झाली. तबकडीच्या एका बाजूवर मावायचं सुमारे तीन मिनिटांचं गाणं. गौहरजान बाई हुशार. रागाचा पसारा तीन मिनिटांत आवरून शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगून मोकळ्या झाल्या. पण शाहिरानं काय करावं? पोवाडा म्हणजे तासादोनतासांचा मामला. अज्ञानदासानं रचलेला अफझलखानाच्या वधाचा पोवाडा घ्या. तीन मिनिटांत खान वाईच्या तळावरून हलायचासुद्धा नाही. त्यामुळं पोवाडा तबकडीवर आला तो चिरफाड होऊन. पुढची कित्येक वर्षं आमच्या लोकसंगीताची लांबी शाहिराच्या छातीनं ठरवलीच नाही, तबकडीच्या रुंदीनं ठरवली.

१९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं! आता मोकळी जागा झाली म्हटल्यावर माणूस काय करतो? जुनं सामान आणून भरतो. १९५८ साली जॉनी मॅथिस नावाच्या गायकाला दौऱ्यांमुळं नवी गाणी म्हणायला सवड नव्हती, म्हणून कंपनीनं त्याची आधी गाजलेलीच गाणी एका तबकडीवर घालून विकायला काढली. जगातला गाजलेल्या गाण्यांचा पहिला संग्रह तो हाच, असं मानतात. गायकाला काम नाही, कंपनीला खर्च नाही आणि लोक पुन्हा पैसे देतात. असा धंदा आमच्या बँकेला सुचला असता तर आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो असतो. ती तबकडी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत सुमारे साडेनऊ वर्षं होती.

माझा मुलगा कॉलेजात आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, ईगल्सचं माहीत आहे का?" मला फक्त घारी माहीत होत्या. तर ईगल्स हा अमेरिकेतला एक वाद्यवृंद. गावरान गाणी गिटारीवर जोरात वाजवणारा. आपल्याकडं हलगी कडाडावी तसा. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या निवडक गाण्यांची तबकडी निघाली आणि २०१८ साली तिला अमेरिकेत ३ कोटी ८० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. मायकेल जॅक्सनही तिथं मागं पडला. आता गंमत अशी, की ईगल्सचं जगात सगळ्यांत गाजलेलं जे हॉटेलचं गाणं, ते त्या तबकडीत नाहीच! कारण ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलं. म्हणजे निवडक संग्रह काढणाऱ्यांनी दहा महिने कळ काढली नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या कंपनीची यादी चुकू शकते, तर आपली का नाही?

आता साबळे. शाहीर साबळ्यांना कोण ओळखत नाही, असं तुम्ही म्हणाल. माझा मुद्दा नेमका तोच आहे. ओळखतात सगळे, पण चार गाण्यांपुरते. कृष्णराव गणपतराव साबळे, जन्म १९२३, वाईजवळचं पसरणी. (मघाचा खानाचा तळ आठवतो ना? त्याच्याच शेजारचं गाव.) शिक्षणासाठी पोरवयात अमळनेरला आजोळी गेले, तिथं साने गुरुजींचा सहवास लाभला. बेचाळीसची चळवळ, हैदराबादचा लढा, संयुक्त महाराष्ट्र, या सगळ्यांत डफ घेऊन उभे. १९६० साली राज्य झालं तेव्हा राजा बढ्यांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल घेऊन त्यांनी जे महाराष्ट्रगीत म्हटलं, ते पुढं शाळेच्या मैदानापासून निवडणुकीच्या रिक्षापर्यंत सगळीकडं वाजत राहिलं. आणि माणूस एका गाण्यानं एवढा मोठा झाला की बाकीचं त्याच्या सावलीत गेलं.

बाकीचं म्हणजे काय? तर 'यमराज्यात एक रात्र'सारखी मुक्तनाट्यं. मुंबईतल्या मराठी माणसाच्या वाट्याला काय येतं ते १९६६ साली 'आंधळं दळतंय'मधून त्यांनी असं मांडलं, की लोक हसत आत गेले आणि तावातावानं बाहेर आले. तमाशाचा गण, गवळण, बतावणी हा सारा ऐवज घेऊन त्यांनी तो शहरातल्या माणसापुढं ठेवला. आणि मग 'महाराष्ट्राची लोकधारा' : वासुदेव, गोंधळी, कोळी, भारूड, सगळे एकाच रंगमंचावर, एकाच रात्री. विचार केला तर हा आख्ख्या महाराष्ट्राचाच निवडक संग्रह झाला. आज माझ्या मुलाच्या डोळ्यांपुढं वासुदेव येतो तो पहाटेच्या दारातला नाही, लोकधारेतला येतो. शाहिरांना १९९८ साली पद्मश्री मिळाली, २०१५ साली ते गेले, २०२३ साली त्यांच्या नातवानं, केदार शिंद्यांनी, त्यांच्यावर चित्रपटही काढला. तेव्हा शाहीर उपेक्षित, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर पारावरून खाली ढकलतील.

उपेक्षित आहे तो 'आणि' च्या पुढचा शब्द. 'शाहीर साबळे आणि पार्टी'. ही पार्टी म्हणजे कोण? ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, तुणतुणं धरणारा, आणि मागं उभे राहून 'जी जी' ओढणारे झीलकरी. शाहीर श्वास घेतो तेव्हा गाणं खाली पडू न देण्याचं काम यांचं. मुद्रणाच्या वेळी शाहीर माईकपाशी आणि ही मंडळी मागं. त्यामुळं शाहिराचा घसा आपल्या कानाशी येतो आणि तुणतुणं शेजारच्या वाडीत वाजल्यासारखं वाटतं. कॅसेटच्या कागदावर गीतकार असतो, संगीतकार असतो, कंपनीचा पत्ताही असतो. तुणतुण्याचं नाव कुठंही नसतं. आमच्या ताळेबंदात 'किरकोळ' असा एक रकाना असतो, तशातला प्रकार.

हे सगळं वाचून मी तक्ता आखला. रकाने पाच : लोकप्रियता, आवाज, शब्द, ठेका आणि इतर. प्रत्येकी दहा गुण. रात्री जेवण झाल्यावर कानाला यंत्र लावून मी गाणी ऐकायचो आणि गुण द्यायचो. बायको म्हणाली, "एवढ्या आवडीनं कधी पासबुकं भरली असतीस तर अधिकारी झाला असतास." तीन आठवड्यांत वीस गाणी ठरली. महाराष्ट्रगीत पहिलं. मग एकनाथांचं विंचवाचं भारूड, खिडक्या-दारांचं ते ठसक्याचं गाणं, दांड्यावरचं कोळीगीत, कृष्णाला हाका मारणारी गवळण, जेजुरीचा जागर... असं करत विसावं आलं. खाली मी बेरीजही मारली. गाण्यांच्या गुणांची बेरीज कशासाठी, असं विचारू नका. रकाना होता म्हणून मारली.

डबी घेऊन मी आंबीला गेलो तो रविवार. मामांनी ती घरात ऐकायला नकार दिला. "पारावर लाव. समद्यांनी ऐकावी." तिथं पाच जण आधीच बसले होते. पोस्टातले तात्या, पैलवान नाना, आणखी तिघं. मामा धरून सहा. परीक्षेला बसल्यासारखा मी मधोमध.

बटण दाबलं आणि महाराष्ट्रगीत सुरू झालं. सहाही जण उठून उभे राहिले! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ३१ जानेवारी २०२३ ला मंत्रिमंडळानं या गाण्याला राज्यगीत ठरवलं आणि त्या वर्षीच्या शिवजयंतीपासून ते लागू झालं. राज्यगीत म्हटल्यावर बसून कसं ऐकायचं? गाणं संपलं, मंडळी कण्हत खाली बसली. तोच मामांनी उत्साहानं कुठलंतरी बटण दाबलं आणि तेच गाणं पुन्हा लागलं. पुन्हा सहाही जण उभे. नानांचे गुडघे पैलवानकीतच गेलेले. ते म्हणाले, "बँकवाले, ह्ये गाणं येक तर पयलं तरी ठेवा न्हाय तर शेवटचं तरी. मधी आलं तर मला दोघांनी उचलावं लागंल."

पोस्टातल्या तात्यांना वेगळाच संशय. "सरकारी ह्यापेक्षा बारकं हाय," ते म्हणाले. तात्यांचं खरं होतं. सरकारनं राज्यगीत म्हणून दोन कडवी घेतली आहेत. १ मिनिट ४१ सेकंदांत काम आटोपतं. म्हणजे साबळ्यांच्या निवडक गाण्यांतल्या पहिल्या गाण्याचीही सरकारनं निवड केली. तीन मिनिटांच्या तबकडीला आपण उगाच नावं ठेवतो. ती बिचारी सरकारपेक्षा दुपटीनं उदार होती.

विंचवाच्या भारुडाला सगळे खूष झाले. मीही खूष झालो, कारण तक्त्यात त्याला मी पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले होते. पण नानांनी विचारलं, "ह्यातलं बोलनं कुठं गेलं?" मी म्हटलं, बोलणं कसलं? तर पूर्वी कार्यक्रमात विंचू चावल्यावर शाहीर जो काही बोंबलायचा, लोकांना विचारायचा, कुणीतरी उतारा सांगायचं, त्यावर तो पुन्हा काही म्हणायचा, हे सगळं दहा-पंधरा मिनिटं चाले. तो कामक्रोधाचा विंचू आहे आणि त्यावर सत्त्वगुणाचा उतारा आहे, हे नाथांचं सांगणं शेवटी हळूच यायचं. "आता नुसता विंचू ऱ्हायला. उतारा कापला," नाना म्हणाले. मी तक्त्यात दोन गुण कमी केले.

एका गाण्याला मात्र सर्वानुमते शून्य मिळालं. ते मी चुकून नव्या मुद्रणाचं घेतलं होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या, तेव्हा जुनी गाजलेली गाणी नव्या गळ्यात आणि नव्या वाद्यांवर वाजवून विकण्याची एक लाटच आली. कायद्यातही काही अटींवर तशी सोय होती. ढोलकीच्या जागी एक विजेचं यंत्र आलं. मामा म्हणाले, "ह्यो डोलकीवाला दमतच न्हाय. मानूस न्हाय त्यो." दुसऱ्या कडव्याला मामांनी स्वतःच बटण दाबून त्याचा निकाल लावला.

मग विषय व्हायचा तोच झाला. "साबळे पसरणीचे. आपल्या इंदुरीच्या दादूची गाणी कुठं हायेत?" एकानं विचारलं. इंदुरी म्हणजे आमच्या शेजारची. आज 'इंदुरीकर' म्हटलं की लोकांना कीर्तनकार आठवतात. ते नगर जिल्ह्यातले. आमचे दादू इंदुरीकर मावळातल्या इंदुरीचे, जन्म १९२८ चा, १९८० साली गेले. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगात ते सावळ्या कुंभार व्हायचे आणि प्रभा शिवणेकर गंगी. शापानं गाढव झालेला गंधर्व राजाची मुलगी मागतो आणि कुंभाराच्या जिवावर बेततं, एवढीच गोष्ट. पण संगीत नाटक अकादमीनं या माणसाच्या हातात पुरस्कार ठेवला तो गोष्टीसाठी नव्हे. २००७ साली मकरंद अनासपुऱ्यांनी तोच सावळ्या चित्रपटात केला, तेव्हा तळेगावच्या बाजूची म्हातारी माणसं पाहून आली आणि 'बरा हाय' एवढंच म्हणाली. मावळात 'बरा हाय' ही फार वरची श्रेणी.

दादूंचे निवडक प्रसंग काढा, असा ठराव पारावर झाला. मी विचारलं, कुठले काढू? झालं! नानांनी सावळ्याचं एक वाक्य सांगितलं. तात्या म्हणाले, तसं नव्हतंच ते. तिसरे म्हणाले, दोन्ही बरोबर, एक तळेगावच्या जत्रेतलं आणि एक वडगावचं. सोंगाड्या ज्या गावात उभा राहील त्या गावचा पाटील, तिथला सावकार, पुढच्या रांगेतला झोपलेला माणूस, हे सगळे त्याच्या बतावणीत यायचे. दुसऱ्या दिवशी गाव बदललं की हशाही बदलला. याची वीस गाणी कशी करायची? ज्याचं आज जे गाजलं ते उद्या नव्हतंच, त्याचा संग्रह काढायला कुठली कंपनी बसलीय? आपल्याकडं अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ साली दीड महिन्याच्या अंतरानं गेले. ज्यांच्या आवाजावर मैदानं भरली, त्यांच्या नावावर ध्वनिमुद्रिका किती आणि कुणा भलत्याच्या किती, याचा ताळमेळ घालायला बसलात तर पेन खाली ठेवावंसं वाटेल. माझ्या तक्त्यात 'इतर' नावाचा रकाना होता. त्यात हे बसेना.

इतका वेळ मामा गप्प होते. वीस गाणी झाली. शेवटचं वाजून थांबलं तरी ते डबीकडं बघत होते.

"समदं ब्येस हाय," ते म्हणाले. "पन शेवटचं कुठाय?"

"हेच शेवटचं, मामा."

"माझ्या कॅसिटीतलं शेवटचं. दुसऱ्या अंगाचं."

मला ते आठवत होतं. मामांची कॅसेट कंपनीची नव्हतीच. त्या काळी एका दुकानात यादी देऊन भरून आणलेली. दुकानदारानं तासाभराची कॅसेट म्हणून गाणी भरत नेली, आणि फीत संपली तिथं त्याचं काम संपलं. त्यामुळं दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं. पहिलं कडवं होतं, दुसरं सुरू व्हायचं आणि खट्. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, मामांना नाही, मलाही नाही. तक्त्यात मी त्याला नोंदच दिली नव्हती. अपूर्ण कागदपत्रं असलेला अर्ज आम्ही आत घेत नाही.

"मामा, ते अर्धंच होतं."

"अर्धंच पायजे मला."

बाकीचे हसले. मीही हसणार होतो, पण तात्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मग मामा उठून लघवीला म्हणून गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. माझे धाकटे मामा, जे मी जन्मायच्या आधी गेले, ते तीन हंगाम एका फडात तुणतुणं वाजवायचे. मला एवढंच माहीत होतं, की त्यांचा एकच फोटो आहे, माझ्या आईच्या लग्नातला, आणि त्यात त्यांचं अर्धं डोकं एका फेटेवाल्यामागं गेलंय. फडात तुणतुणं धरतो म्हणून आजोबांनी त्यांना घरात घेतलं नव्हतं, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईहून मामा रजेवर यायचे ते गावाला न येता जत्रा शोधत जायचे. ज्या जत्रेत धाकट्याचा फड, तिथं कनातीबाहेर उभे राहायचे. आत जायचे नाहीत.

"का नाही आत जायचे?" मी विचारलं.

"वडलांना वचन दिल्यालं. तमाशा बघनार न्हाय म्हनून," तात्या म्हणाले. "ऐकनार न्हाय असं दिलं नव्हतं."

मामा परत आले. मी काहीच विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, तेही धोतराचा सोगा झटकत, डब्याचा पत्ता सांगावा तसं : "त्या शेवटच्या गान्यात पयलं कडवं झालं की डोलकी थांबती. शाहीर बी थांबतो. तवा नुसतं तुणतुणं ऱ्हातं. चार-पाच मोजंस्तवर. मग दुसरं सुरू व्हतं न् फीत संपती." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "धाकट्याचं न्हाय ते. मला ठावं हाय. पन तुणतुण्याला काय नाव असतंय का?"

कॅसेट घेऊन मी पुण्याला आलो. असल्या फिती दुरुस्त करणारा एक गृहस्थ मिळाला. त्यानं चुरगळलेला भाग कापून, जोडून, सगळं संगणकावर उतरवून दिलं. त्या भागात पहिल्या बाजूच्या महाराष्ट्रगीताची सुरुवात गेली, विंचवाचा थोडा भाग गेला. दुसऱ्या बाजूचं शेवटचं वाचलं. फितीच्या टोकाला होतं म्हणून. त्या रात्री मी कानाला यंत्र लावून ते ऐकलं. खरखर फार. कडवं संपतं, ढोलकी थांबते, आणि मागं, शेजारच्या वाडीत वाजावं तसं, टुंग टुंग टुंग टुंग. मी पाच मोजले. खट्.

पुढच्या रविवारी पुन्हा पार. या वेळी मी डबीत एकवीस गाणी नेली होती. मामा म्हणाले, बाकीची मागनं. मी शेवटचं लावलं. डबी त्यांनी उजव्या कानाला चिकटवली, मग डाव्या. ऐंशीनंतर कानातून बारीक आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणतात. शाहिराचा आवाज त्यांना येत होता, मान डोलत होती. कडवं संपलं. ढोलकी थांबली. मान थांबली. ते माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"वाजतंय का?" त्यांनी विचारलं.

"वाजतंय," मी म्हटलं.

खट्.

"आता लावताना बोट वर कर," मामा म्हणाले. "सुरू झालं की वर, थांबलं की खाली."

मी गाणं पुन्हा लावलं. कडवं संपलं तसं बोट वर केलं. माझ्या बोटाकडं बघत मामांनी मांडीवरच्या धोतराची एक दशी दोन बोटांत ताणून धरली आणि तिसऱ्या बोटानं छेडायला लागले. पैलवान नाना म्हणाले, "बँकवाले, ह्ये गाणं येकविसावं का ठेवलं? पयलं घ्या की. तेवढंच आम्हाला बसून ऐकता यील."